जिल्हा परिषदेच्या मुख्यालयाचा इतिहास कसा शोधावा आणि कसा लिहावा

जिल्हा परिषदेच्या इमारतीचा इतिहास लिहायला निघालेला माणूस सहसा प्रवेशद्वारातल्या कोनशिलेपासून सुरुवात करतो. कोनशिलेवर भूमिपूजन कोणाच्या शुभहस्ते झाले आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणे कोण होते, एवढेच कळते. इमारत का हवी होती, जागा कशी ठरली, पैसे कोठून आले आणि काम इतकी वर्षे का रेंगाळले, हे ठरावांत, मंजुरीच्या टिपण्यांत आणि देयकांत सापडते. म्हणून कोनशिलेचे छायाचित्र अवश्य घ्यावे, पण शोधाची सुरुवात अभिलेख कक्षातून करावी.

त्याआधी संस्थेचा वंशवृक्ष मांडून घ्यावा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यापूर्वीचा कारभार सर्वत्र सारखा नव्हता. जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांत जिल्हा लोकल बोर्ड होते, विदर्भात १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा होत्या आणि मराठवाड्याला हैदराबाद राज्याची परंपरा होती. हे ध्यानात न घेता विदर्भातल्या इमारतीसाठी 'लोकल बोर्ड' या नावाने दप्तर मागितले, तर ते मिळणार नाही, कारण तिथे ते 'जनपद' या नावाने बांधलेले असते. अनेक ठिकाणी नव्या जिल्हा परिषदेचा पहिला संसार लोकल बोर्डाच्या जुन्या इमारतीतच थाटला गेला. त्यामुळे 'आधी कार्यालय कोठे होते' हा प्रश्न पहिल्या प्रकरणाचा पाया ठरतो.

जिल्हा विभागलेला असेल, तर आणखी एक फेरा पडतो. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून आणि गडचिरोली त्याच वर्षी चंद्रपुरातून वेगळे झाले. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाले आणि तेथील जिल्हा मुख्यालयाचे संकुल सिडको या राज्य शासनाच्या नगर विकास महामंडळाने उभारले. अशा जिल्ह्यांत विभाजनाआधीची कागदपत्रे मातृजिल्ह्याच्या ठिकाणी शोधावी लागतात, आणि बांधणारी यंत्रणा वेगळी असेल, तर नकाशे व करार तिच्या दप्तरात असतात. बांधकाम जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या बांधकाम विभागाने केले की राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने, हेही आधीच विचारून घ्यावे. नाहीतर चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यात महिना जातो.

आता मुख्य काम, म्हणजे कागद मिळवणे. अर्ज माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये असून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'इमारतीचा संपूर्ण इतिहास द्यावा' असे लिहिल्यास 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर येते, आणि ते नियमाला धरूनही असते. त्याऐवजी अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी आणि हव्या त्या कागदांची नावे लिहावीत: जागेबाबतचा सर्वसाधारण सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्च यांना मंजुरी), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी), कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची वही), अंतिम देयक. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रथम अपील करता येते.

सगळेच कागद मिळतील, अशी आशा बाळगू नये. कार्यालयीन अभिलेखांचे वर्गीकरण होते: 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवतात, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, 'क-१' चे दहा, 'क' चे पाच आणि 'ड' चे एक वर्ष. सभेची इतिवृत्ते टिकतात. देयकांचे गठ्ठे बहुधा रद्दीत गेलेले असतात. म्हणून इतिवृत्तांची पाने नीट वाचावीत. तिथे जागेवरून झालेली खडाजंगी कारकुनी भाषेत का होईना, 'सविस्तर चर्चा होऊन' या तीन शब्दांआड उभी असते. निवडून आलेल्या सदस्यांऐवजी शासनाने नेमलेला प्रशासक असतो, त्या काळात सदस्यांची सभा भरत नाही आणि निर्णय प्रशासकाच्या सहीने होतात. त्या वर्षांचे ठराव सापडत नाहीत म्हणून वही हरवली, असा निष्कर्ष काढू नये.

सर्वांत बोलका कागद म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. खर्च मूळ अंदाजापेक्षा का वाढला, याची कारणे तिच्या टिपणीत द्यावी लागतात: पायाला कठीण खडक लागला, पोलादाचा दर वाढला, एक मजला जादा घेतला. सत्तरच्या दशकातली इमारत असेल, तर सिमेंटचा उल्लेख नक्की शोधावा. फेब्रुवारी १९८२ मध्ये अंशतः नियंत्रणमुक्ती होईपर्यंत सिमेंटचे भाव आणि वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते, आणि परवान्याची वाट पाहत कामे अडून राहत. १९७२ च्या दुष्काळात तर सगळे लक्ष आणि पैसा दुष्काळी कामांकडे वळला होता, हेही त्या काळातल्या रेंगाळलेल्या कामाबाबत तपासून पाहावे. पैसा जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, आला की शासनाच्या अनुदानातून, यावरून इमारत कोणाच्या मर्जीने उभी राहिली, हेही बरेचसे कळते.

जागेसाठी सातबारा किंवा नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका काढावी आणि फेरफार नोंदी, म्हणजे मालकी हक्कातील बदलांच्या नोंदी, मागे मागे वाचत जाव्यात. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत आणि नव्या हेक्टर-आरमध्ये असतात, तेव्हा क्षेत्र जुळत नाही म्हणून घाबरू नये. चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि अडीच एकरांच्या जवळपास एक हेक्टर होतो. अंदाजपत्रकात 'ब्रास' आला, तर तो शंभर घनफुटांचा समजावा.

कोनशिलेकडे आता परतावे, कारण तारीख पुसट असली, तरी पदनामे वेळ सांगतात. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री म्हणून कोरलेले असतील, तर शिळा नोव्हेंबर १९६२ पूर्वीची. मारोतराव कन्नमवार असतील, तर त्यानंतरच्या एका वर्षातली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतील, तर डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या दरम्यानची. नूतनीकरणात शिळा बदललेली नाही ना, हे मात्र अक्षरांच्या वळणावरून आणि दगडाच्या जातीवरून पडताळावे.

इमारत स्वतःही वाचता येते. मोझेक फरशी, सिमेंटच्या जाळ्या, खोल छज्जे आणि लांबलचक व्हरांडा असलेला भाग सहसा जुना. काचेचे किंवा पत्र्याचे आवरण आणि चकचकीत टाइल्स नंतरच्या. जिन्याचा दगड बदलला असेल, तर पायऱ्यांच्या कडा पाहाव्यात, जोड तिथे लपत नाही. सभागृह नंतर वाढवले आहे का, हे विशेष पाहावे. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय जुन्या नकाशात होती का आणि ती केव्हा आली, हे नकाशांवरून तपासण्यासारखे आहे.

निवृत्त कनिष्ठ अभियंता, लिपिक आणि शिपाई यांच्याशी अवश्य बोलावे, पण त्यांनी सांगितलेली वर्षे कागदाशी ताडून पाहावीत. आठवणी घटनांच्या बाबतीत खऱ्या आणि तारखांच्या बाबतीत बेभरवशाच्या असतात. लिहिताना 'कागदात असे आहे' आणि 'असे सांगितले जाते' हे वाक्यावाक्याला वेगळे ठेवावे. खर्चाचे दोन आकडे सापडले, तर दोन्ही द्यावेत आणि कोणता कोणत्या दस्तऐवजातला, ते तिथेच नोंदवावे. सरासरी काढण्याचा मोह टाळावा.