पित्ताची पिशवी काढताय? ऑपरेशनआधी आणि नंतर या चुका टाळा

दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतो. पोटावर चार चिकटपट्ट्या, बाकी काही दिसत नाही. भेटायला आलेली मंडळी ऑपरेशनचं मोजमाप त्या पट्ट्यांवरूनच करतात. "एवढंच? मग सोमवारपासून कामावर जा की!" त्याच खोलीतल्या आत्याबाईंना मात्र कुणाच्या तरी बरगडीखालचा वीतभर चीर आठवत असतो. त्या बजावतात, "चाळीस दिवस खाट सोडू नको."

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली ती १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांच्या हातून. त्याआधी सगळ्यांच्याच वाट्याला मोठा चीर यायचा. आत्याबाईंचा सल्ला त्या काळातला आहे. पण दोघंही बघतात ती वरची जखम. आत काम तेच असतं: पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी बंद करून कापायची, पिशवी यकृतापासून सोडवायची आणि बाहेर काढायची. पुढच्या बहुतेक चुका या दोन टोकांच्या समजुतींतून होतात. काही मात्र ऑपरेशन ठरण्याच्या आधीच सुरू होतात.

खडा 'पाडण्याचा' नाद

सोनोग्राफीत खडा दिसला की घरात कुळथाचं कढण शिजायला लागतं, शेजारून पानफुटीची पानं येतात. लोक हे मुतखड्यासाठी करतात. तिथे खडा लघवीच्या वाटेनं बाहेर पडू शकतो आणि भरपूर पाणी पिण्याचा उपयोगही होतो. पित्ताशयातला खडा निसटला तर तो मुख्य पित्तनलिकेत उतरतो. तिथे अडकला की कावीळ, थंडी वाजून ताप, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. म्हणजे पाडण्याची धडपड खरोखर यशस्वी झाली, तर माणूस आयसीयूत जायची भीती.

मोबाईलवर फिरणारा तेल आणि लिंबाचा उपाय तर शुद्ध फसगत आहे. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट गोळे पडतात आणि लोक ते खडे समजून फोटो काढतात. ते तेलाचेच पोटात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. पुन्हा सोनोग्राफी केली की खडे जागच्या जागी दिसतात.

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी काही खडे विरघळतात हे खरं. पण ते लहान, कोलेस्टेरॉलचे आणि कॅल्शियम न साठलेले असावे लागतात. औषध महिनोन् महिने चालतं आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. "पिशवी राहू द्या, नुसते खडे काढा" असंही बरेच जण डॉक्टरांना सांगतात. खडे तयार करणारी जागा तीच पिशवी असल्यामुळे त्यात अर्थ नाही.

आता याच्या उलट चूक. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, त्यात योगायोगानं खडे दिसले, त्रास कधीच झालेला नाही, तरी घाबरून लगेच ऑपरेशनची तारीख घेतली. अशा मुक्या खड्यांपैकी बहुतेक आयुष्यभर मुकेच राहतात आणि त्यांच्यावर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. फार मोठा खडा, एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (पिशवीच्या आतल्या भिंतीवरची गाठ) किंवा पिशवीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम असेल, तर गोष्ट वेगळी. "माझ्या बाबतीत नेमकं कशासाठी काढायचं?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

पित्ताच्या गोळ्या खात बसणं

जेवणानंतर, विशेषतः मटणाच्या किंवा तेलकट जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या मध्यावर वरच्या बाजूला कळ येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि बऱ्याचदा रात्री उठवते. ही कळ ॲसिडिटीच्या गोळीनं थांबल्यासारखी वाटते, कारण ती आपणहूनच थांबणार असते. असं दोन-तीनदा झालं की सोनोग्राफी करा, आणि ती उपाशीपोटी. खाल्ल्यावर पिशवी आकसते आणि नीट दिसत नाही. वय जास्त असेल, मधुमेह असेल किंवा सोबत घाम आणि धाप असेल, तर आधी ईसीजी. हृदयविकाराचा झटकाही 'गॅस' म्हणून अंगावर काढला जातो.

"गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बघू." "पोरीचं लग्न उरकू दे." अधूनमधून कळ येणाऱ्याला डॉक्टरांशी बोलून तारीख थोडी मागेपुढे करता येते. पण कळ थांबतच नाही, ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढरट झालं, किंवा दुखणं पाठीत आरपार जाऊन उलट्या सुरू झाल्या, तर कुठल्याही कार्यासाठी थांबू नका. पित्ताशयाला तीव्र सूज आली की पूर्वी सहा आठवडे थांबून ऑपरेशन करत. आता प्रकृतीला झेपत असेल तर पहिल्या काही दिवसांतच करणं बरं समजतात. थांबलं की पुन्हा झटका येण्याचा धोका राहतो.

दाखल होण्याआधी लपवलेल्या गोष्टी

भूलतज्ज्ञ विचारतात, "तंबाखू?" सासूबाई शेजारी बसलेल्या असतात म्हणून सूनबाई "नाही" म्हणतात, आणि मिश्री चालूच असते. मावा खाणारे "कधीतरी" म्हणतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला भुलेनंतर कफ आणि छातीचा संसर्ग होण्याची शक्यता जास्त असते. खोकला आला की पोटाच्या टाक्यांवर ताण येतो, तो वेगळाच. हे उत्तर भूल कशी द्यायची यासाठी हवं असतं, तुमचा न्याय करायला नव्हे. चारचौघांत सांगता येत नसेल तर एकट्यानं सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागतात, हे बऱ्याच रुग्णांना माहीत नसतं. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही यादीत लिहा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून नेणं सगळ्यात सोपं.

उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटीच. "घोटभर चहाच तर घेतला" यानं ऑपरेशन पुढं ढकललं जातं, कारण दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. साधारणपणे जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तुमच्यासाठीची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच खरी.

पैशाचं आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का आणि त्या रुग्णालयात ते लागू आहे का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. सोलापूरच्या सिव्हिलचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा, पर्यायही विचारात ठेवा. खासगी आरोग्यविमा नवीन असेल तर अटी वाचा. पित्ताशयाच्या खड्यांसाठी साधारण दोन वर्षं थांबण्याची अट बऱ्याच पॉलिसींमध्ये असते.

संमतीपत्रावर सही करताना एक वाक्य डोक्यात ठेवा: दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन गरज पडल्यास पोट उघडून पूर्ण केलं जाऊ शकतं. आत चिकटलेलं असेल आणि पित्तनलिका स्पष्ट दिसत नसेल, तेव्हा हट्टानं दुर्बिणीतूनच करत राहण्यात नलिकेला इजा होण्याचा धोका असतो. चीर मोठा झाला म्हणून बाहेर भांडणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

पहिले काही दिवस

ऑपरेशननंतर खांदा दुखतो आणि घरचे घाबरतात. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला त्रास होतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत, कधी तीन-चार दिवसांत ते जातं. चालल्यानं बरं वाटतं. पण छातीत दाब किंवा धाप असेल तर 'गॅसचं आहे' म्हणून सोडू नका.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठवतील, तेव्हा उठा. पडून राहिल्यानं पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ साठतो आणि शौचाला कडक होतं. दुखण्याच्या गोळ्या "सवय लागेल" म्हणून टाळणारे खोल श्वास घेत नाहीत आणि चालतही नाहीत. दिलेल्या दिवसांपुरत्या त्या वेळेवर घ्या.

जखमेवर हळद, तूप, टूथपेस्ट, कसलीही पावडर काही नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात पट्टीखाली घाम साचतो, विशेषतः बेंबीच्या टाक्याला. अंघोळ कधी करायची हे विचारून घ्या, नंतर ती जागा टिपून कोरडी करा, सैल सुती कपडे घाला. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जखम छान भरते आणि काही आठवड्यांनी त्याच भोकाशी गाठ येते किंवा पाणी झिरपायला लागतं. हा उपकरणांतून आलेल्या, क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या जंतूंचा संसर्ग असू शकतो. त्यावर नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. औषधांचे कोर्स बदलत बसण्यापेक्षा सर्जनला दाखवून त्या स्रावाची तपासणी करून घ्या.

खाण्याचं काय?

सगळ्यात जास्त सल्ले इथेच मिळतात आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो.

पिशवी गेली म्हणजे पित्त तयार होणं थांबलं, असं नाही. पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिली. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात टाकीचं काम काय, हे वेगळं सांगायला नको. यकृताचा नळ मात्र रोज चालू असतो, टाकी काढली तरी पाणी थेट आतड्यात येतच राहतं. फरक एवढाच, की तेलकट जेवणाच्या वेळी एकदम सोडायला साठा नसतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे थोडं थोडं, चार-पाच वेळा विभागून आणि कमी तेलाचं.

कमी तेलाचं म्हणजे काय, यावर आपल्याकडे गोंधळ आहे. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मी चरबी असते. वाटीभर शेंगाचटणी आणि वरून तेल घेऊन "मी तर नुसती भाकरी-चटणी खाल्ली" म्हणणाऱ्याला संध्याकाळी पोट फुगल्याचं आश्चर्य वाटतं. एकादशीची खिचडी हलकी समजतात. तूप आणि दाण्याच्या कुटाचं प्रमाण बघितलं तर ती भज्यांच्या पंक्तीतली आहे. म्हशीचं सायीचं दूधही तसंच. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, भात, दोडका, दुधी, ताक, साय काढलेल्या दुधाचं दही हे बहुतेकांना लवकर मानवतं. कडक भाकरी वरणात भिजवून खायला हरकत नाही.

दुसरी चूक म्हणजे वर्ष झालं तरी पेज आणि फिका वरणभातच खात राहणं. सहसा महिनाभरात माणूस घरच्या जेवणावर येतो. एक-एक पदार्थ थोडा घेऊन बघायचा. शेंगाचटणी आयुष्यातून जात नाही, चमचाभर परत येते. मटणही येतं, फक्त रस्स्यावरची तर्री बाजूला ठेवून.

काहींना पातळ शौचाला होतं, खासकरून जेवणानंतर लगेच. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर ते पित्ताम्लांमुळे असू शकतं आणि त्यावर औषध आहे. लाजून सहन करू नका. आणि ॲसिडिटी किंवा अंगावर उठणारं पित्त या ऑपरेशननं जाईल, ही आशा धरू नका. त्यांचा पिशवीशी संबंध नसतो.

खडे घरी आणले, रिपोर्ट विसरला

ही मला सगळ्यात गंभीर चूक वाटते. खडे डबीत भरून घरी येतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले जातात. पण काढलेली पिशवी हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवलेली असते, तिचा रिपोर्ट आणायला कुणी जात नाही. बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये जुनी सूज याशिवाय काळजीचं काही नसतं. अगदी क्वचित कुणाच्या पिशवीत, आधी कसलीच शंका नसताना, कर्करोग सापडतो. तो अगदी वरच्या थरात असेल तर झालेलं ऑपरेशन पुरेसं ठरतं. खोल असेल तर पुढचं ऑपरेशन लवकर लागू शकतं. टाके दाखवायला जाल त्या दिवशी रिपोर्ट मागा. पिशवी तपासणीला पाठवली का, हे सुट्टी मिळतानाच विचारून ठेवा.

कामावर कधी?

बसून काम असेल तर एक-दोन आठवड्यांत बहुतेक जण जातात. यंत्रमागावर बीम उचलणाऱ्यानं, मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्यानं घाई केली तर बेंबीच्या टाक्यातून हर्निया होऊ शकतो. जड वजन कधीपासून, हे सर्जनलाच विचारा. दुर्बिणीनंतर काही आठवडे आणि मोठ्या चिरानंतर दीड-दोन महिने धरून चाला. पाण्याच्या दिवशी भरलेल्या घागरीही वजनातच मोजा. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना "बसूनच तर काम आहे" असं सांगितलं जातं. मांडीवर सूप घेऊन तासन् तास वाकून बसणं पोटाला सोपं नसतं. मधेमधे उठून चाला. दुचाकी तेव्हाच काढा, जेव्हा अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झालेल्या असतात. ऑपरेशन सप्टेंबरात आणि कोजागिरीला तुळजापूर पायी असा नवस असेल, तर देवी पुढच्या वर्षापर्यंत थांबेल.

परत केव्हा जायचं

नियम सोपा आहे: रोज थोडं बरं वाटायला हवं. कालच्यापेक्षा आज जास्त दुखतंय, पोट फुगतंय, १०१ च्या वर ताप, वारंवार उलट्या, पिवळे डोळे, जखमेतून हिरवट-पिवळा स्राव, पोटरीला सूज किंवा धाप, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जा. पित्त गळत असेल तर ते बहुतेक पहिल्या आठवड्यात लक्षात येतं, आणि लवकर कळलं तर उपाय सोपा असतो.

पुढे काही महिन्यांनी, वर्षांनीही तशीच जुनी कळ आली तर "पिशवीच नाही, मग खडा कुठला" म्हणून सोडून देऊ नका. पित्तनलिकेत राहून गेलेला किंवा नव्यानं झालेला खडा असू शकतो. यकृताची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करा. सोनोग्राफी करणाऱ्याला पिशवी काढल्याचं आधी सांगा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.