पोळ्याआधीची पूरतयारी: कन्हान, पेंच, वर्धा आणि नाग नदीकाठच्या कास्तकारांसाठी

नागपूर जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावात पुराची पहिली खूण नदीत दिसण्याआधी नाल्यात दिसते. कन्हान चढली की तिला मिळणारे नाले तुंबतात आणि पाणी उलटं फिरून वावरात शिरतं. रपट्यापासून (नाल्यावरच्या बुटक्या पुलापासून) सुरक्षित अंतरावर उभं राहून फेस आणि काडीकचरा पाहा. तो नदीकडे जात असेल तर नाला मोकळा आहे. एका जागी गरगरायला लागला किंवा वरच्या अंगाला सरकला, तर फुगवटा सुरू झाला असं समजा. त्या वेळी डोक्यावर स्वच्छ ऊनही असू शकतं.

२०२० च्या ऑगस्टअखेर असंच झालं. पाऊस कोसळला तो मुख्यतः मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे. चौराई धरणातून सोडलेलं पाणी तोतलाडोहात, तिथून नवेगाव खैरीत आणि पुढे कन्हानेत आलं. पारशिवनी, कामठी, मौदा, कुही या तालुक्यांतली गावं त्यात बुडाली. तेव्हा पोळा होऊन गेला होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूर शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हाही पोळा उरकला होता. कारण साधं आहे. जून-जुलैत धरणं रिकामी असतात, मोठा पाऊसही पोटात घेतात. ऑगस्टच्या शेवटी ती काठोकाठ असतात, मग वरून आलेलं पाणी जसंच्या तसं खाली सोडावं लागतं. ‘पोळा झाला, आता काय पाऊस’ ही समजूत धरणाखालच्या गावाला परवडत नाही. नरखेड तालुक्याची गोष्ट जरा वेगळी. तिथे वर्धा नदीचा पूर जुलैतच येऊ शकतो. ३० जुलै १९९१ ला मोवाडमध्ये दोनशेहून जास्त माणसं गेली.

पहिलं काम खुणेचं. नाल्याजवळच्या कडुनिंबावर किंवा पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने तीन पट्टे ओढा. पाणी कोठ्याच्या (गोठ्याच्या) दारात येतं ती पातळी, घराच्या जोत्याला लागतं ती, आणि पांदण रस्ता, म्हणजे वावराकडे जाणारी बंडीची वाट, बंद होतो ती. बहुतेक गावांत पांदण सगळ्यात आधी बुडते. म्हणून जनावरं हलवायचा पट्टा पांदणीचा, कोठ्याचा नव्हे. कोठ्यात पाणी येईपर्यंत थांबलात तर बंडी न्यायला वाट उरत नाही. धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप आणि वावरात पाणी येणं, यात २०२० ला किती तास मिळाले हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. हा आकडा प्रत्येक गावाचा वेगळा असतो आणि तो कुठल्याही ॲपवर मिळत नाही. इशाऱ्यांसाठी मोबाइलवर ‘सचेत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहा, कारण फोन भिजला की त्यातले नंबरही जातात.

जनावरं. मोठं जनावर दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा चारा खातं आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी पितं. बैलजोडी आणि एक गाय चार दिवस उंचावर ठेवायची, तर नव्वद-शंभर किलो कुटार (भुसा) किंवा तणीस (धानाचा पेंढा) आधीच तिकडे पोहोचलेलं हवं. ऐन वेळी बंडीत माणसं बसतील की चारा, हा वाद होतो आणि चारा मागे राहतो. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचलेली बरी. राहिली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच विचारा. दाव्याला सुटी गाठ मारा आणि कोठ्याच्या खांबाला हाताला येईल असा एक विळा टांगून ठेवा. पाण्यात ओल्या दाव्याची गाठ सुटत नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढा. जनावर दगावलं तर पंचनाम्याला हा फोटो आणि शवविच्छेदनाचा दाखला लागतो, म्हणून पशुवैद्यक येईपर्यंत पुरू नका.

एक धोका फारसं कुणी धरत नाही. युरियाची पोती कोठ्यातच असतात, पुरात फुटतात आणि जवळच्या डबक्यात विरघळतात. तहानलेलं जनावर ते पाणी पितं आणि तासाभरात पोट फुगून, थरथरत पडतं. खत आणि कीटकनाशकं माणसाच्या छातीच्या वर, जनावरांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. पूर उतरल्यावर कोठ्याभोवतीच्या डबक्यांतलं पाणी आधी बाहेर काढा, जनावरं नंतर आणा. बुरशी आलेला चारा वाळवूनही घालू नका.

घरात पाणी येणार असेल तर गॅसचं रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर खांबाला साखळीने बांधा. अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि दाराला अडकून दार बंद करतो. धान्याचा ड्रमही तसाच. पूर्ण भरलेला ड्रम सहजासहजी हलत नाही, अर्धा लवकर उलटतो, म्हणून दोन अर्ध्यांचा एक भरा. पुढच्या हंगामाचं बियाणं माळ्यावर, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरलं तर पाच जणांना तीन दिवसांचे पंचेचाळीस लिटर होतात, म्हणजे पन्नास लिटरचा झाकणाचा एक ड्रम पुरतो. मुरमुरे, फुटाणे, गूळ, ओआरएसच्या पुड्या, टॉर्च, काडेपेटी. आधार, बँक पासबुक, सातबारा, रेशनकार्ड एका झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी घरातल्या एकाच माणसाच्या जबाबदारीवर.

मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर असेल तर हे नीट वाचा. अशी घरं पाणी उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पडतात. पाया भिजून मऊ झालेला असतो, वर भिंतीचं वजन तेवढंच असतं. आत झोपायला जाण्याआधी भिंतीला आडवी भेग आहे का, तळाशी पोट सुटलं आहे का ते बाहेरून पाहा. शंका असेल तर शाळेतच थांबा. पुरानंतर मण्यार, नाग, घोणस कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. जमिनीवर झोपू नका, खाटेवर मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून घ्या. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात-पाय न हलवता थेट रुग्णालयात न्या, गाडीसाठी १०८.

नाल्यावरचा मोटारपंप ऑगस्टच्या मध्यापर्यंत वर काढलेला बरा, तेव्हा सिंचनाची गरजही नसते. भिजलाच, तर वीज आली म्हणून लगेच बटण दाबू नका. वाइंडिंगमध्ये गाळ आणि ओल असताना मोटार चालवली की ती जळते, आणि पुरानंतरचा हा सगळ्यात महागडा घाईचा सौदा असतो. मोटार उघडून गोड्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, वायरमनकडून मेगरने (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. रीडिंग एक मेगाओमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवा. डीपीला (विजेच्या ट्रान्सफॉर्मरला) मात्र हात लावू नका, ते महावितरणचं काम आहे.

विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर आधी उपसा, मग ब्लीचिंग पावडर. दहा फूट व्यासाची आणि तेरा फूट पाणी असलेली विहीर म्हणजे साधारण अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून सत्तर ग्रॅम पावडर लागते, पुरानंतर दुप्पट घ्या. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत बुडवून हलवा. संध्याकाळी टाकलं तर सकाळी पाणी काढा. चुन्याचा गाळ विहिरीत ओतला तर पाणी आणखी गढूळ होतं.

आता वावर. भारी काळ्या जमिनीत तयारी डवरणीच्या (डवऱ्याने केलेल्या कोळपणीच्या) वेळीच होते. शेवटच्या डवरणीला डवऱ्याच्या जानोळ्याला (पात धरणाऱ्या दांड्याला) घट्ट दोरी गुंडाळली की पिकाच्या दोन ओळींमध्ये सरी पडते आणि साचलेल्या पाण्याला वाट मिळते. या सऱ्या उताराने धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) चरात मिळाल्या पाहिजेत. आडव्या चरात सोडल्या तर पाणी तिथेच थांबतं.

पऱ्हाटीत (कपाशीत) पाणी साचून मग कडक ऊन पडलं की हिरवी झाडं एकाएकी माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. हा रोग नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि वर पानांना पाणी लागतं, म्हणून ती सुकतात. पाणी काढून लगेच दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घालून प्रत्येक झाडाच्या बुडाशी शंभर मिली ओता आणि पायाने माती दाबा. पहिल्याच दिवशी केलं तर झाडं उठतात, चौथ्या दिवशी औषध वाया जातं. सोयाबीन पिवळं पडलं तर वाफसा आल्यावर दहा लिटरला शंभर ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत फवारा.

काटोल, नरखेड, कळमेश्वर पट्ट्यातल्या संत्र्याला खरी भीती डिंक्याची. बुंध्याशी पाणी थांबलेल्या झाडाची साल फुटून डिंक ओघळतो. ती साल पटाशीने खरवडून एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि दहा लिटर पाण्याची बोर्डोपेस्ट बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत लावा. मोरचूद लोखंडी बादलीत कालवू नका, प्लास्टिकची घ्या.

पंचनाम्याचं शेवटी सांगतो, पण फोटो मात्र सगळ्यात आधी काढा. पाणी उभं असतानाच, धुऱ्याची खूण दिसेल असे. मदतीसाठी ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान धरलं जातं आणि ई-पीक पाहणीत पीक नोंदलेलं असेल तर वाद कमी होतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला तरच ती अतिवृष्टी ठरते. तुमच्या मंडळात पाऊस नसताना धरणाच्या पाण्याने वावर बुडालं असेल, तर पंचनाम्यात कारण म्हणून ‘पूर’ असंच लिहिलंय का हे सही करण्याआधी वाचा. पीक विम्याची कलमं गेल्या काही हंगामांत बदलली आहेत. स्थानिक आपत्तीचं संरक्षण लागू असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, त्यामुळे आपल्या पावतीवर काय आहे ते विमा भरतानाच सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारून घ्या.