अळू बागभर पसरतंय? या चुका टाळा

न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वडीपुरतं लावलेलं अळू एक-दोन पावसाळ्यांत कर्दळीच्या वाफ्यात आणि कुंपणापलीकडे डोकं काढतं. मग माणूस दिसेल ते पान उपटत सुटतो. पहिली चूक तीच. देठ हातात येतो, गड्डा मातीतच राहतो आणि साठवलेल्या पिठावर आठवडा-दोन आठवड्यांत नवी सुरळी वर काढतो. पानं खुडूनच अळू संपवायचं असेल, तर दर दहा-पंधरा दिवसांनी, एकही पान पुरतं उघडू न देता, अख्खा हंगाम खुडावं लागतं. एवढा नेम फार थोड्यांकडून पाळला जातो.

खणण्याआधी अळू कसं पसरतंय ते पाहा. काही जाती फक्त बुडाशी अळकुड्या धरतात. त्यांचं बेट हळूहळू रुंद होतं. काही जाती, विशेषतः ओढ्याकाठून आणलेलं रानअळू, धावती खोडंही सोडतात. बोटापेक्षा बारीक असं हे खोड जमिनीलगत किंवा पालापाचोळ्याखालून पळतं, त्याला पेरं असतात आणि पेर ओल्या मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात. असं अळू असेल तर मूळ बेट काढून भागत नाही; प्रत्येक दोरी शेवटच्या टोकापर्यंत सोडवत जावी लागते.

दुसरी चूक कुदळीची. घाव घालून वाफा उलथला की गड्ड्याचे तुकडे होतात, आणि डोळा असलेला तुकडा पुन्हा रुजतो. एका बेटाची दहा बेटं होतात ती अशी. त्याऐवजी बुंध्यापासून वीतभर लांब, चहूबाजूंनी पहार घालून माती सैल करा, सुमारे एक फूट खोलवरून अख्खा गड्डा मातीसकट उचला आणि गोणपाटावर झाडा. सुपारीएवढी अळकुडीही हाताने वेचा. खड्ड्यातली माती जाड जाळीतून चाळून घेतली तर उत्तम.

वेळही महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये जमीन मोकळी दिसते म्हणून खणायला सोपं वाटतं, पण ओल नसलेल्या जागी पानं झडलेली असतात आणि गड्डे कुठे आहेत ते कळत नाही. मृगाचा पाऊस पडून कोंब वर आले की लगेच खणा. माती मऊ असते, ठिकाणं दिसतात, धावती खोडं अजून लांबलेली नसतात. त्यानंतर दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारा. पहिल्याच खणण्यात सगळं निघालं असं क्वचितच होतं.

तणनाशकाच्या वाटेला न गेलेलंच बरं. फवारा म्हणजे अक्षरशः अळवावरचं पाणी: मेणचट पानावरून थेंब घरंगळून शेजारच्या भाजीवर पडतात. पान करपलं तरी गड्डा बहुतेक वेळा वाचतो.

काढलेले गड्डे नाल्यात टाकू नका, ते खालच्या काठावर रुजतात. खताच्या खड्ड्यात पानं-देठ चालतील. गड्डे मात्र आधी चकत्या करून पत्र्यावर कडकडीत वाळवा. ओल्या खड्ड्यात ते कुजण्याऐवजी मजेत फुटतात.

हे सगळं उघड्या हातांनी करू नका. अळवात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चीक लागला की खाज सुटते. रबरी हातमोजे घाला, नाहीतर कोरड्या हातांना खोबरेल तेल चोळा. चकत्या वाळत असताना लहान मुलं आणि कुत्री तिकडे फिरकू देऊ नका. मोरीच्या घाण पाण्यावरचं किंवा ओळख न पटलेलं अळू फतफत्यात घालू नये, चिंच कितीही टाकली तरी.

वडीसाठी थोडं ठेवायचं असेल तर कुंडी थेट मातीवर ठेवणं ही शेवटची चूक: तळाच्या भोकातून मुळं आणि कोंब जमिनीत उतरतात. कुंडी फरशीवर किंवा विटांवर ठेवा. जमिनीतच हवं असेल तर अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा पिंप, तळाला निचऱ्याची बारीक भोकं पाडून, दीड फूट पुरा. काठ मातीच्या वर चार बोटं राहू द्या, नाहीतर धावती खोडं वरूनच पलीकडे जातात. आणि सांडपाण्याचा पाट पिंपापाशीच संपवा. पुढे ओल गेली नाही, तर राहून गेलेल्या अळकुड्यांना फारसा जोर धरता येत नाही.