कल्पना सुचण्यासाठी निवांत वेळ कसा राखावा

रोज काहीतरी नवे सुचावे लागणाऱ्या मंडळींना, मग ते लेखक असोत, चित्रकार असोत की शिक्षक, हा अनुभव असतोच की टेबलाशी तीन तास बसून जे सुटले नाही ते आंघोळीच्या वेळी अवचित सुटते. हा योगायोग म्हणून सोडून देण्याऐवजी त्याची रीतसर सोय करता येते. मात्र ती सोय विश्रांतीपासून नव्हे, तर कामापासून सुरू होते. डोक्यात काही घातलेलेच नसेल, तर तासभर तळ्याकाठी बसूनही फार तर डुलकी लागते.

फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे यांनी आपल्या शोधांची हकिकत १९०८ साली सांगितली आहे. एका विशिष्ट प्रकारच्या फलनांशी (म्हणजे गणितातल्या फंक्शनांशी) ते पंधरा दिवस रोज तास-दोन तास टेबलाशी बसून झगडत होते. त्यातले काही हाती लागल्यावर ते भूगर्भशास्त्राच्या एका सहलीला गेले, प्रवासाच्या गडबडीत गणित विसरून गेले, आणि कुतांस या गावी गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी त्यांच्या लक्षात आले की आपण वापरलेली रूपांतरणे आणि युक्लिडेतर, म्हणजे शाळेत शिकतो तिच्याहून वेगळ्या नियमांच्या भूमितीतली रूपांतरणे एकच आहेत. ते गाडीत बसले, सोबत्यांशी चाललेले बोलणे त्यांनी पुढे चालू ठेवले आणि पडताळा घरी परतल्यावर सावकाश घेतला. पुढे १९२६ साली ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंतांनी या प्रक्रियेचे चार टप्पे मांडले. मराठीत त्यांना तयारी, मुरणे, उमगणे आणि पडताळणी म्हणता येईल. यातले मुरणे लोणच्यासारखेच असते. फोडींना मीठमसाला नीट लागलेला असावा लागतो आणि बरणी सारखी उघडून चालत नाही.

म्हणून टेबलावरून उठण्यापूर्वी, अडलेला प्रश्न एका पाठकोऱ्या कागदावर एकाच वाक्यात लिहावा. हे वाटते तितके सोपे नाही. ‘कथा पुढे कशी न्यावी’ हा प्रश्न नव्हे, ती तक्रार आहे. ‘आजी परत येणार हे आधी नातवाला कळावे की वाचकाला’ हा प्रश्न आहे, कारण त्याला उत्तर असू शकते. वाक्य लिहून झाले की कागद टेबलावरच ठेवून उठावे. तो सोबत नेला की माणूस चालता चालता पुन्हा कामच करू लागतो.

हा निवांत वेळ कामाला लागूनच असावा. रविवारसाठी राखून ठेवला, तर मधल्या चार दिवसांत प्रश्न शिळा होतो. माझ्या अनुभवात चाळीस मिनिटे ते तासभर पुरतात, आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटे वीजबिल, राहिलेले फोन आणि कुणाचे तरी लागलेले बोलणे यांतच जातात. त्याला इलाज नाही. ती जाऊ द्यावीत.

या वेळात हात किंवा पाय गुंतलेले असावेत, पण भाषा मोकळी राहावी. पॉडकास्ट, रेडिओ, वर्तमानपत्र हे सारे विश्रांतीचे असले तरी या कामी उपयोगाचे नाहीत, कारण दुसऱ्याची वाक्ये डोक्यात वाजत असताना आपले वाक्य तयार होत नाही. मोबाइल खिशात बंद करून ठेवण्यापेक्षा घरीच ठेवलेला बरा. चालायला जायचे तर रोजची, पायांना पाठ झालेली वाट निवडावी. डार्विन यांनी केंटमधील आपल्या घराजवळ खडीची एक वाट करून घेतली होती. फेऱ्या मोजण्यात मन अडकू नये म्हणून ते वळणावर गारगोट्या रचून ठेवत आणि प्रत्येक फेरीला एक बाजूला सारत. स्टॅनफर्डमध्ये ओपेझो आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही बसलेल्यांपेक्षा अधिक नव्या कल्पना सुचल्या. त्यामुळे जवळ टेकडी नाही ही सबब टिकत नाही. एकच नेमके उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालण्याचा फायदा दिसला नाही. हिशेब जुळवायचा असेल तर बसूनच जुळवावा.

घरात हा वेळ काढणाऱ्याची अडचण वेगळी असते. आपल्याकडे नुसता बसलेला माणूस कुणाला बघवत नाही. ‘बसलाच आहेस तर एवढा लसूण सोलून दे’ हे वाक्य ठरलेले असते. त्यावर वाद न घालता लसूण घ्यावा. माझ्या एका दीर्घ लेखाची सुरुवात तीन दिवस जमत नव्हती. चौथ्या दिवशी मेथीची दुसरी जुडी निवडताना, पिवळी पाने एकीकडे आणि कोवळे देठ दुसरीकडे पडत असताना, ध्यानात आले की पहिले पान सगळेच काढून टाकायचे आहे आणि लेख दुसऱ्या पानावरच्या रेल्वे फाटकापासून सुरू व्हायला हवा. भाजी निवडणे, भांडी घासणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे याला उत्तम. फोडणीसारखे लक्ष मागणारे काम नको.

सुचलेले लगेच टिपून घ्यावे, कारण ते जितके लख्ख दिसते तितक्याच सहज निसटते. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या कालव्याकाठी पत्नीसह चालत असताना आयरिश गणिती हॅमिल्टन यांना क्वाटर्निअनचे, म्हणजे चार घटकांच्या एका नव्या प्रकारच्या संख्यांचे, सूत्र सुचले, तेव्हा त्यांनी ते खिशातल्या वहीत उतरवले आणि पुलाच्या दगडावर चाकूने कोरलेही. आपल्याला बसचे तिकीट आणि पेन्सिलीचे थोटूक पुरते. मात्र चार शब्दच लिहावेत. तिथेच परिच्छेद रचू लागलो की चालणे संपते.

टिपलेले दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसून तपासावे. रात्री अफलातून वाटलेल्या निम्म्याअधिक कल्पना सकाळी फिक्या पडतात, हे गृहीत धरावे. आणि सलग तीन-चार दिवस काहीच हाती आले नाही, तर फेऱ्या वाढवू नयेत. बहुधा प्रश्न चुकीचा लिहिलेला असतो किंवा सामग्री अपुरी असते. अशा वेळी पाठकोरा कागद काढून ते वाक्य बदलावे, दोन दिवस नुसते वाचन करावे, आणि मग पुन्हा चालायला निघावे.