अंगात रक्त किती, हे वजन-उंचीवरून कसं काढायचं

"माणसात पाच लिटर रक्त असतं" हे सगळ्यांना सरसकट सांगणं आधी बंद करा. आमच्या डिचोलीत रक्तदानाचा कॅम्प लागला की मी वजन-उंचीच्या टेबलावर असतो आणि दर वेळी कोणीतरी घाबरत विचारतंच, 350 मिली काढलं तर माझ्यात उरणार किती. त्याला त्याचाच आकडा द्यायला हवा.

अंगलोट बेताची असेल तर सोपं आहे, किलोमागे पुरुषाला 70 ते 75 मिली, बाईला 65, गुणा, झालं.

जाड माणसाला मात्र हे अजिबात लावू नका. चरबीत रक्त कमी असतं, त्यामुळे आकडा उगाच फुगतो. आमच्या वहिनी 80 किलो, उंची 1.50 मीटर, त्यांचं अशानं 5.2 लिटर येतं, साफ चूक. तिथे नॅडलरचं 1962 चं सूत्र घ्या. पुरुष: उंचीचा घन × 0.3669, अधिक वजन × 0.03219, अधिक 0.6041. बाईला हेच आकडे 0.3561, 0.03308 आणि 0.1833. उंची मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये.

घोळ होतो तो घनात. मी कितीतरी दिवस उंचीला नुसतं तीनने गुणत होतो आणि कळतच नव्हतं, कारण माझी उंची 1.73, तिचा घन 5.18 आणि तिप्पट 5.19, स्वतःवर तपासलं की बरोबरच यायचं! वहिनींच्या वेळी चूक सापडली: 1.50 चा घन 3.375, तिप्पट 4.5, तेवढ्यानेच 400 मिली जास्त, म्हणजे रक्ताची एक अख्खी पिशवी जी त्यांच्या अंगात नाहीच. म्हणून मोबाइलवर 1.50 × 1.50 × 1.50 असं पूर्ण टाइप करा, आणि पडताळा ठेंगण्या माणसावर घ्या. आणि 5 फूट 5 इंच म्हणजे 5.5 नव्हे हो, 65 इंच गुणिले 2.54, म्हणजे 165 सेंमी, 1.65 मीटर.

गरोदर बाईला हे सूत्र नको, तिचं रक्त बरंच वाढलेलं असतं. नवजात बाळाला किलोमागे 85 धरा, तीन किलोच्या बाळात जेमतेम पाव लिटर.

वहिनींचं आलं 4.03, मी "सुमारे चार लिटर" एवढंच सांगितलं, त्यातले 350 मिली म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास. ते ऐकून त्यांनी बाही वर केली.