कोयनेलचं कुंपण खालून उघडं पडू नये म्हणून

नाशिकमध्ये बंगल्याभोवती, सोसायटीच्या कडेला कुंपणासाठी लावतात ती झुडपी कोयनेल भरपूर दिसते. वरून हिरवीगार, खाली मात्र नुसत्या काड्या. त्यातून कुत्री आरामात आत येतात. लावतानाच आणि पहिल्या वर्षी थोडं लक्ष दिलं तर हे टळतं.

१. जूनमध्ये पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या पक्व काड्या घ्या. खालची पानं काढून निदान दोन डोळे (कोंब फुटतात त्या जागा) मातीत जातील अशा खोचा.

२. एका ओळीत नको, दोन ओळींत लावा. काड्यांमध्ये फूटभर अंतर, आणि मागची काडी पुढच्या दोघींच्या मधोमध.

३. वीतभर नवी फूट आली की शेंडे खुडा. उंची वाढायची घाई असते, हात धजत नाही, पण खुडाच. बुंध्याजवळून फांद्या फुटतात त्या यामुळेच. पहिल्या वर्षी प्रत्येक नव्या फुटीला हेच करा.

४. पुढे कापताना माथा अरुंद, पाया रुंद ठेवा: खाली दोन फूट असेल तर वर दीड. मग उन्हं बुडापर्यंत पोचतात. बहुतेक माळी दोन्ही बाजू सरळ उभ्या कापतात, वरचा भाग पसरतो आणि खालची पानं सावलीत गळतात. सुतळी ताणून तिरका उतार दाखवून द्या.

द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची खोल छाटणी, एप्रिलमध्ये होते म्हणून कोयनेलही तेव्हाच खोल छाटू नका. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या फांद्या करपतात. खोल छाटणी पावसाच्या तोंडावरच करा.