शरीरातील उपकरणाला बिनतारी वीज पुरवताना या चुका टाळा

कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेल्या उपकरणाच्या) आतल्या भागात सहसा बॅटरी नसते. कानामागे चुंबकाने धरून ठेवलेल्या बाहेरच्या कॉइलमधून वीज त्वचेचा काही मिलिमीटरचा थर ओलांडून आतल्या कॉइलमध्ये पोहोचते. अशा जोडणीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळी मोजमापे हवेतच उरकणे. १३.५६ मेगाहर्ट्झला स्नायूंची विद्युतवाहकता मीटरला सुमारे ०.६ सीमेन्स असते. त्यामुळे ऊतींनी वेढलेल्या कॉइलचा क्यू (कॉइल किती कमी ऊर्जा वाया घालवते याचे माप) घटतो आणि तिची धारकता वाढून रेझोनन्सची वारंवारता, म्हणजे जिथे ती सर्वांत जोरात प्रतिसाद देते ती वारंवारता, खाली सरकते. कपलिंग (एका कॉइलचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत किती पोहोचते याचे ० ते १ मधले माप) ०.०५ आणि दोन्ही कॉइलचे क्यू १०० असतील, तर जोडणीची कमाल कार्यक्षमता सुमारे ६७ टक्के येते. आतल्या कॉइलचा क्यू २० झाला, की बाकी सारे तसेच असूनही ती ४२ टक्क्यांवर घसरते. म्हणून सिलिकॉनचे अंतिम आवरण चढवून, ऊतींसारखे विद्युत गुणधर्म असलेल्या द्रावात मोजावे आणि त्यानंतरच रेझोनन्स जुळवणारा कपॅसिटर ठरवावा. नेहमीचे ०.९ टक्के सलाइन स्नायूंच्या दुपटीहून अधिक वाहक असते, त्यामुळे त्यात आलेला आकडा विनाकारण निराश करतो.

आतली कॉइल इम्प्लांटच्या टायटॅनियमच्या डब्यात ठेवणे ही दुसरी चूक. मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डब्याच्या धातूत भोवरा प्रवाह (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे गोल फिरणारे विद्युतप्रवाह) उठतात आणि वीज तिथेच उष्णतेत खर्च होते. कॉइल डब्याबाहेर, सिलिकॉनमध्ये असलेली बरी.

भाराचा रोध स्रोताच्या रोधाइतका ठेवला की सर्वाधिक शक्ती मिळते, हा पाठ्यपुस्तकातला कमाल शक्तीचा नियम इथे जसाच्या तसा लावू नये, कारण असे रोध जुळवले की निम्मी शक्ती स्रोतातच संपते.

कमी वीज मिळण्याची भीती सर्वांना असते. जादा विजेकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते रुग्णाला खरा धोका तिथेच आहे. त्वचा पातळ असेल तर आतला व्होल्टेज वाढतो, झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणारा घटक) ती जादा वीज उष्णतेत जिरवतो, आणि आयएसओ १४७०८-१ या इम्प्लांटच्या सुरक्षा मानकानुसार इम्प्लांटचा पृष्ठभाग ३७ अंश सेल्सियसपेक्षा २ अंशांहून अधिक तापता कामा नये. यावर उपाय झेनर मोठा करणे हा नसून, आतल्या कॉइलवरचा भार बदलून (तो बदल बाहेरच्या कॉइलला जाणवतो) आतला व्होल्टेज बाहेर कळवणे आणि त्यानुसार बाहेरच्या प्रेषकाची शक्ती कमी करणे हा आहे. याउलट, कॉइल जवळ आणल्यावर व्होल्टेज घटत असेल, तर वारंवारता फिरवून पाहावी; एकाऐवजी दोन शिखरे दिसली तर कपलिंग प्रमाणाबाहेर गेले आहे.